ट्रिपल-टू रायफल कोणी बनवली, याबद्दल माझी शेवटची इच्छा

मी, सई पुरुषोत्तम पांचाळ, वय सव्वीस, राहणार चँडलर, ॲरिझोना. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, आणि त्याच दमात विचारतात, मृत्युपत्र केलंय का. म्हणून हे लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, राग आहे तो विचार करून ठेवलेला आहे, आणि कोणी दबाव आणलेला नाही. इंग्रजी कागद आला की बाबा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतात, म्हणून मराठीत, स्वतःच्या हाताने.

कलम १. अंमलबजावणी प्रीतामावशींनी करावी. त्या वकील आहेत आणि गिरीशकाकांना घाबरत नाहीत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि गाडी माझा भाऊ अनय याला, शिक्षणासाठी. घरातली पहिली पदवी माझी. दुसरी त्याची व्हावी, विषय कुठलाही चालेल.

कलम ३. कामाच्या वह्या मैत्रीण पद्मिनीला. अल्फाल्फाच्या, म्हणजे लसूणघासाच्या, शेतांत बिळं करणाऱ्या खारींची तीन वर्षांची नोंद त्यांत आहे. पिंजऱ्याने भागतं तिथे गोळी नको. झाडायचीच तर शिशाची नको, कारण मेलेली खार गरुड खातो आणि शिशाने तोही मरतो.

कलम ४. माझी रायफल. ट्रिपल-टू हे अशा छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठी निघालेलं जुनं काडतूस, धक्का कमी आणि नेम सरळ. नवी रायफल मला परवडत नव्हती. एका गहाणवटीच्या दुकानात मागच्या बाजूला जुन्या रायफलीचा सांगाडा मिळाला, नळी नसलेला, दस्ता फुटलेला. गिरीशकाका म्हणाले, "अगं, हे कबाड कोण वापरतं आता? बरं, आणलंच आहेस तर नळी मी बसवून देतो."

गिरीशकाका नात्याचे नाहीत, इथल्या मराठी लोकांतले वडीलधारे; निवृत्त चिप-इंजिनिअर आहेत, गॅरेजमध्ये लेथ आहे. माझे बाबा तीस वर्षं टर्नर आहेत, आधी इचलकरंजीत, आता इथे. काकांनी काडतूस बसायची जागा कापायला घेतली. मोजायची गेज बाबांनी पुढे केली तर म्हणाले, "पुरुषोत्तम, हँडल फिरवणं वेगळं आणि डिझाइन वेगळं." जागा जास्त खोल जात होती. बाबांना ते आवाजावरून कळलं होतं. तरी बाबा म्हणाले, "बरोबर आहे, साहेब."

चौथ्या बाराला काडतूस फुटलं. माझ्या उजव्या गालावरचा डाग त्या दिवसाचा. काकांनी सगळ्यांना सांगितलं, पोरीने काडतुसं चुकीची भरली.

दुसरी नळी मी आणि बाबांनी केली, बाबांच्या शॉपमध्ये, मालकाला विचारून, शिफ्ट संपल्यावर. ती जागा कापायचा रीमर टपालाने भाड्याने आणला. थोडं कापायचं, पुसायचं, गेज लावायची, पुन्हा थोडं. दस्ता शेजारच्या पडलेल्या मेस्किटच्या झाडाचा. शंभर यार्डांवर पाच गोळ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात.

मग आली खंडेनवमी. काकांच्या गॅरेजमध्ये दरवर्षी हत्यारांची पूजा असते, लोक लॅपटॉपसुद्धा आणून ठेवतात. मी बोल्ट काढून रायफल पाटावर ठेवली. काकांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, "ही आमच्या गॅरेजची निर्मिती बरं का." टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात नेमबाजी क्लबच्या पत्रिकेत तिचा फोटो, खाली त्यांचं नाव.

"ताई, जस्ट सू हिम, केस टाक," अनय म्हणाला.

"जाऊ दे बाळा," बाबा म्हणाले, "मोठी माणसं आहेत."

मी जाऊ देत नाही. ही रायफल मी बाबांना, श्री. पुरुषोत्तम पांचाळ यांना देते. ती त्यांनी कधीही, कितीही गोड बोलणाऱ्याला, उसनीसुद्धा देऊ नये.

कलम ५. फुकट गेलेली पहिली नळी मी जपून ठेवली आहे. मागचा भाग कापून, जागा नव्याने करून ती वापरता आली असती, पण मी तिला हात लावू दिला नाही. तिच्यावर "गिरीशकाकांनी स्वतः बनवली" असं कोरून घेतलं आहे. ती आणि ते फुटलेलं काडतूस काकांना. त्यांनी केलेल्या कामाचं श्रेय त्यांना पूर्ण मिळावं.

कलम ६. कलम ४ आणि ५ पुढच्या खंडेनवमीला, त्याच गॅरेजमध्ये, आरतीच्या आधी प्रीतामावशींनी माइकवर वाचावीत. आरतीनंतर लोक जेवणाच्या रांगेत पळतात. काकांच्या पत्नी रेखाकाकू रडतील. त्यांच्यावर माझा राग नाही, पण म्हणून वाचन थांबवू नये.

कलम ७. बाबा, हे तुमच्यासाठी. तुम्हाला आवाजावरून कळलं होतं. माझा गाल भाजला तो काकांच्या हाताने आणि तुमच्या "साहेब"ने. कलम ६ चं वाचन चालू असताना तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, मान वर करून. कोणी विचारलं, "खरं का हो?" तर "जाऊ दे" म्हणायचं नाही. "हो, मी बनवली," एवढंच म्हणायचं. हे जमलं नाही तर रायफल प्रीतामावशींनी वितळवावी.

कलम ८. मी ऑपरेशनमधून उठले तर बाकी सगळी कलमं रद्द. कलम ६ तेवढं राहील. माइक मी धरीन.

सही: सई पुरुषोत्तम पांचाळ
साक्षीदार: रत्ना कुलथे, अवधूत बर्वे. दोघांनी वाचून सह्या केल्या. अवधूत यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हसत.
चँडलर, ॲरिझोना. सोमवार, ११ ऑगस्ट २०२५.