माळ्यावरचा कापूस

६ मे १९८४, सौंसर

पचमढीहून बदली झाली तेव्हा सगळ्यांनी तोंडं पाडली होती, पण मला हे गाव पहिल्या नजरेत आवडलं. शाळेजवळच घर मिळालं: दोन खोल्या, वर फळ्यांचा माळा, त्यावर टिनाचं छप्पर. घरमालक गजाननराव शेजारीच राहतात. छाया खूश आहे. आमची आठ महिन्यांची वंदना तर आल्या आल्या मालकांच्या मिश्या ओढून मोकळी झाली.

९ मे

टिन तापून घराची भट्टी होते. वंदनाचं अंग घामोळ्यांनी भरलं आणि काल दुपारी तापानं फणफणून तिनं डोळे फिरवले. डॉक्टर म्हणाले, पोरीला गारव्यात ठेवा, नाहीतर छिंदवाड्याला मामाकडे धाडा. आत्ता कुठे बिऱ्हाड मांडलं, लगेच मायलेकींना कसं धाडू? मीही विज्ञानाचा मास्तर आहे. माळ्यावर काहीतरी भरलं की ऊन वरच अडेल. तणसात विंचू होतात. मातीचा थर या जुन्या फळ्यांना पेलणार नाही. नागपुराहून थर्माकोल येईस्तोवर उन्हाळा सरेल. कापूस मात्र हलका, आणि त्यात अडकलेली हवा उष्णता खाली येऊ देत नाही. गजाननरावांच्या कोठ्यात तीन जुन्या गाद्यांचा कापूस आहे. सडूनच राहिला, घेऊन जा ना गुरुजी, म्हणाले. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

१३ मे

रविवार सार्थकी लागला. कापूस मोकळा करून माळाभर वीतभर जाडीचा सारखा पसरला. भर दुपारी खोली चक्क गार! वंदना चार तास झोपली. छाया म्हणाली, इतकी वर्षं शिकवलंत, आज पहिल्यांदा विज्ञान घरच्या कामी आलं.

१९ मे

समोरच्या यमुनाबाई बाळाला बघायला आल्या होत्या. कापूस कुणाचा हे कळल्यावर तशाच उठल्या. गजाननरावांची आई, भाऊ आणि सून त्या तीन गाद्यांवर गेले. "मेलेल्याची गादी शिवेबाहेर टाकतात, गुरुजी. त्याहीनं लोभापायी ठेवली, अन् तुमी डोक्यावर घेऊन राहिले."

मी हसलो. कापूस तो कापूस. तरी संध्याकाळी वर जाऊन आलो. सारख्या पसरलेल्या कापसात तीन लांब खळगे पडलेत. डोक्याच्या जागी जरा खोल. उंदीर असतील. हातानं सारखे केले.

२४ मे

पुन्हा तीन. सकाळी बुजवतो, दुपारी दबलेले असतात. बाहेर लू वाहतेय आणि आत छाया शाल घेऊन बसली आहे. वंदना खुळखुळ्याकडे बघतही नाही. डॉक्टर म्हणतात, ताप उतरला हे चांगलंच. पण तिचे पाय किती गार आहेत. मला हे बरं वाटत नाही.

२८ मे

चौथा खळगा.

हातभर लांब. बरोबर पाळण्याच्या वर. हात घातला तर कोमट — आणि वास वंदनाच्या जावळाचा. खाली पोर गार, ओठ निळसर. तिला उन्हात घेऊन बसलो, तरी अंगात ऊब येईना. यमुनाबाईंचं ऐकायला हवं होतं.

२९ मे, दुपार

त्या खळग्यातला कापूस उपसला, तशी खाली छाया किंचाळली — पोर श्वास घेईना. परत ठेवला, तसा तिनं श्वास घेतला.

मग मीच तिथं आडवा झालो. खालून रडणं आलं — खणखणीत, पचमढीतल्यासारखं. उठलो की थांबतं. आडवा झालो की रडते. तीनदा करून पाहिलं.

छायाला वरूनच सांगितलं, पोरीला घेऊन छिंदवाड्याची चारची बस गाठ. वर काय करताय, विचारत होती. कापूस सारखा करतोय म्हणालो. वही खिशात होती, म्हणून —

साडेतीन. गेल्या. टिन हातभर वर, नुसतं तापलेलं — तरी दात वाजताहेत. बस गावाबाहेर रामाकोन्याच्या रस्त्याला लागली की उठायचं. तोवर हलायचं नाही.

बाजूचे तीन खळगे — जवळ आलेत. मधली जागा माझ्याएवढी —

हॉर्न. निघाली. वाचली माझी पोर.

आता उठतो. पाय —

छाया, मी मागून ये —