दुसरी टाळी

३ मार्च
आले एकदाची! घर भाड्याचं असलं तरी किल्ली माझ्या कमरेला आहे. दोन खोल्या, एक लांबलचक दिवाणखाना, खाली गुळगुळीत फरशी, रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान. पेट्या उतरवता उतरवता चिरंजीवांनी शेवटचं समजावून पाहिलं, की आई, हट्ट सोड, आमच्याकडे राहा. सूनबाई गाडीत बसूनच हसल्या. आईंचा आवाज भिंतींना सोसत नाही, असं त्याच मागे म्हणाल्या होत्या. नात खिडकीतून हात हलवत राहिली. तेवढंच जरा लागलं. सगळी नोकरी भूमिती शिकवण्यात गेली. मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आता काय पेटीत घालून ठेवू? ठरलं ते असं: महिनाभर एकटीनं राहून दाखवायचं आणि भूमितीचे धडे चित्रित करायचे. तब्येतीची एक जरी तक्रार आली, तर मुकाट्यानं त्यांच्याकडे. ‘मुकाट्यानं’ हा शब्द त्याचा. बघू.

५ मार्च
पहिला धडा झाला. कॅमेरा म्हणजे चिरंजीवांचा जुना डीएसएलआर. त्यांनी नवा घेतला, तेव्हा हा माझ्याकडे आला. चित्र झकास. आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा, वर लेन्स फोकस शोधताना करकरते तेही त्यात. धाकट्या बहिणीला पाठवलं. तिनं विचारलं, ताई, पिंपात बसून शिकवतेस का गं?

६ मार्च
माइकच्या दुकानात गेले. दुकानदाराच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला काकू म्हणाला. काकू घरी, इथे बाई म्हणायचं, असं सांगितल्यावर सरळ झाला. कॅमेऱ्यावर बसवायचा लांबुडका माइक दाखवला. तो ज्या दिशेला रोखाल तिकडचं जास्त ऐकतो. त्यावरची केसाळ टोपीही गळ्यात मारत होता. ती वाऱ्यासाठी असते, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं आणि विचारलं, माझ्या दिवाणखान्यात वादळ यायचंय का? शेवटी कॉलरला लावायचा माइक, खिशात मावणारा रेकॉर्डर आणि हेडफोन घेतले. पद्धत त्यानं नीट सांगितली. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही सुरू करून एकच खणखणीत टाळी वाजवायची. नंतर संगणकावर दोन्हीकडची टाळी एकाखाली एक आणली, की ओठ आणि शब्द जुळतात. पद्धत असलेलं काम मला आवडतं.

८ मार्च
भिंतींवर रजया टांगल्या, फरशीवर सतरंज्या घातल्या. घुमणं बंद. हेडफोन लावून ऐकलं आणि स्वतःवरच खूश झाले: हाच तो आवाज! एकच खोट आहे. कॅमेऱ्यात टाळी एक आहे, रेकॉर्डरमध्ये दोन. दुसरी हलकी, जराशी मागून आलेली. प्रतिध्वनी म्हणावा, तर कॅमेऱ्याला तो का ऐकू आला नाही?

१० मार्च
दुकानदाराला ऐकवलं. म्हणाला, बाई, तुम्हीच दोनदा वाजवलीत. मी चित्र दाखवलं. त्यात हात एकदाच जुळतात. कॉलरचा माइक हातभर अंतरावरचंच धड ऐकतो. कॅमेऱ्याला ऐकू न जाण्याइतकी हलकी टाळी यात आली, म्हणजे ती अगदी तुमच्या गळ्याशी वाजली असणार, असं म्हणून तो कसनुसा हसला. वायर बदलून दिली आणि मला सोडायला दारापर्यंत आला. ते मला आवडलं नाही.

११ मार्च
नवी वायर. टाळ्या दोनच.
एका हातानं टाळी वाजत नाही, तेव्हा हात दोन असणार. मी वळून पाहिलं नाही. वर्गात मागून खोडी निघाली की वळायचं नसतं, फळ्याकडे बघत नाव घ्यायचं असतं. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतंच दरडावलं, की माझ्या तासाला बसायचं असेल तर तोंड मिटून, लक्ष देऊन बसायचं. पुढचा सगळा तास शांततेत गेला. माझ्यापुढे भले भले गप्प बसलेत!

१३ मार्च
दुसरी टाळी आता माझ्या आधी वाजते.
आणि शब्दही. मी ‘समजा’ म्हणते, त्याच्या किंचित आधी ‘समजा’ ऐकू येतं. माझाच आवाज, माझीच धार. खरा माझा त्याच्याखाली, दबलेला. लक्ष देऊन बस म्हटलं होतं. बसलं. शिकलं.

१४ मार्च
माइक काढून कपाटात टाकला. बहिणीचा फोन आला. म्हणाली, ताई, जरा मोठ्यानं बोल ना, काही कळत नाही. मला मोठ्यानं बोल म्हणणारं हे जगातलं पहिलं माणूस. मिठाच्या गुळण्या केल्या. बाहेर जाऊन शिंप्याला हाक मारली. मशीन बंद होती त्याची. मान वर केली नाही त्यानं.
पळून जाऊ? ते माझ्या गळ्याशी आहे, दिवाणखान्यात नाही. जाईन तिथे येईल. आणि घर माझं आहे. निघायचं असेल तर त्यानं निघावं.

१६ मार्च
चिरंजीवांचा फोन. स्पष्ट सांगितलं, मी ठणठणीत आहे, येऊ नकोस. तो म्हणाला, बरं झालं आई, आपणहून म्हणालीस, उद्याच येतो न्यायला. मी नाही, नाही म्हणत होते. तो म्हणाला, अगं, रडतेस काय.
मी रडत नव्हते.
मेसेज लिहिला. उत्तर आलं, की आत्ताच तर ने म्हणालीस, आता पुन्हा हट्टाचं सोंग पुरे.
माझ्यासाठी नाही रडलं ते. त्याला त्या घरी जायचंय. तिथे नात आहे.
आवाज घेतलास ना? घे. नात मिळणार नाही.

१७ मार्च
दारावर बाहेरून खडूनं मोठ्ठं लिहिलं— आत येऊ नका. मला नेऊ नका. पोरीला आणू नका. कडी घातली.

गाडी आली. आजी, आजी चाललंय. आणलंच तिला.

वाचलं त्यानं. म्हणतोय हे काय लिहिलंस आई, उघड. दार ढकलतोय—

माझे ओठ मिटलेले आहेत. घट्ट. तरी माझा आवाज म्हणतो, थांब रे बाळा, उघडते. पोरगी हसली बाहेर.

नाही उघडणार. आयुष्यात कुणापुढे— याच्यापुढे तर मुळीच नाही. वही दाराला टेकवली आहे. उजव्या हातानं लिहिते. डाव्यानं कडी दाबून धरली आहे, बोटं पांढरी पडलीत, सोडणार नाही. त्या बोटांवर आता तिसरा