वास्कोच्या स्थळाचा कौल

कोरगाव, ५ फेब्रु. ८९, रवि.
वास्कोचे मला पाहून गेले. मुलाला बंदरात कायम नोकरी, बोलणं कमी. मला आवडले. इथं तरी लिहिते, आवडले. लग्नानंतर माझी बदली तिकडच्या कचेरीत होईल का, याची चौकशीही करून आले होते! बाबांनी त्यांना सांगितलं, "देवाक विचारून कळवतांव."

८ फेब्रु.
कचेरीत शिक्का दोनदा उलटा मारला. साहेब बघत राहिले.
घरी फ्रिज बंद. गोवा वेगळं राज्य झालं तरी व्होल्टेज तेच. बाबा म्हणतात, "बाय, मेकॅनिकाक तूच सांग." सगळं मीच. फ्रिज, गॅस, धाकट्या भावाची आयटीआय, सगळं माझ्या पगारावर. मी कायम झाले आणि बाबांनी काजूचा डोंगर दुसऱ्याला देऊन टाकला. घरात पगार येतो, मग कशाला राबायचं?

१२ फेब्रु., रवि.
बाबा देवळात जाऊन आले. गुरवकाकांनी देवाला कौलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो. डावी पडली. वास्कोला निरोपही गेला.
मी कपडे वाळत घालत होते, घालत राहिले. देवापुढे काय बोलणार.

१४ फेब्रु.
आईला राहवलं नाही. "तुज्या बापाशीन स्थळाचा विचारूकच नाय गो. 'चेडू गेला तर घर चलतला?' इतक्यांच."
चेडू म्हणजे मी. डावीच पडणार! देवाला आमचं घर माहीत नाही का?
जेवले नाही. आई पाठीवर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "खरां सांगू? डावी पडली आयकान माका बरा वाटला. परत चुलीत फुंकूचा म्हणजे..." आणि रडायला लागली.
आता रागवू तरी कोणावर.

१९ फेब्रु., रवि.
वास्कोहून उलट निरोप: मुलगा म्हणतो, शिगम्यापर्यंत महिनाभर थांबतो.
एकटीच देवळात गेले. बाबांनी अडवलं नाही. गुरवकाकांनी पाकळ्या ओल्या करून लावल्या. "बोल गो, काय विचारू?"
वाटभर घोकत गेले होते, हे स्थळ मला लाभेल का. तोंडातून निघालं, "मी गेलंय तर घर चलतला?"
काकांनी तोच प्रश्न देवापुढे घातला. एकदा घातला की बदलता येत नाही.
बसून राहिले. उजवी पडेना, डावीही पडेना. शेवटी काका म्हणाले, "तू घराक जा. पडली काय सांगान धाडतंय."
अजून कोणी आलेलं नाही.