सुमनच्या प्रार्थनेत निवडणूक

रविवार, संध्याकाळ. अल नहदा

माझी सुमन गेली म्हणून लेकीच्या टेक्सासच्या चर्चमध्ये आज प्रार्थना होती. मी इथे आखातात बसून फोनवर पाहिली. पाळकांनी सुमनचं नाव घेतलं आणि त्याच दमात त्यांच्या उमेदवाराचा विजयही मागितला. मी आमेन म्हणून बसलो. नक्की कशाला म्हणालो? इथल्या चर्चमध्ये आम्हीही राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतोच. पण हे वेगळं. ते आमेन अजून टोचतंय.

नंतर लेकीला विचारलं, "रीना, आईच्या प्रार्थनेत निवडणूक कशाला?"

"बाबा, इकडे असंच असतं. आणि आई असती ना, तिनेही त्यांनाच वोट केलं असतं."

खरंच केलं असतं? इतक्या वर्षांत सुमनला असलं काही मी कधी विचारलंच नाही. आता लेकीला 'नाही' तरी कशाच्या जोरावर म्हणू?