नाताळच्या कार्डावरची मैत्रीण

ममा,

माझ्या बायकोचा, मिलाग्रोसचा, व्हिसा मंजूर झाला. हे वाक्य तू वाचलेलं नाहीस, अजून तसं काही झालेलं नाही. लिहिल्यावर कसं दिसतं, तेवढंच बघत होतो.

घरच्यांना लग्न मान्य आहे याचा पुरावा म्हणून तू आम्हाला लिमाला पाठवलेलं नाताळचं कार्ड मी अर्जाला जोडलं. पाकिटावर तू ‘ओरेस्ट आणि मैत्रीण’ लिहिलंयस, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर! आता व्हिसाचे साहेब विचारतात, “ही मैत्रीण कोण? बायकोला माहीत आहे का?”

जागा कमी होती म्हणू नकोस. ‘सून’ त्याहून लहान आहे.

लग्नाच्या साक्षीदाराची सही आणायला तुझी गाडी नेतोय. फ्रिजवर फॉर्म लावलाय. नात्याच्या रकान्यात ‘सून’ लिही आणि सही कर, मी येऊन नेतो. पाचच्या आत तो साहेबांकडे पोचला नाही तर अर्ज बाद, आणि ती तिकडेच.

सदर सुनेच्या हातचं पहिलं जेवण आपण मीठ न मागता संपवावं, ही नम्र विनंती.

अर्जदार,
ओरेस्ट