आईचं चित्र, मानेपर्यंत

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा खोकला उतरलाय. जेवते थोडं, बोलते भरपूर.

मी तिचं तैलचित्र करते आहे, मेट्रनच्या युनिफॉर्ममधलं. चेहरा जमला, असं भीतभीत लिहिते. जिच्यापुढे अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा, ती भुवईतली जरबही उतरली आहे. खरी परीक्षा पांढऱ्या कापडाची. पांढऱ्यात पांढरं फार थोडं असतं. सावलीत निळं, खिडकीकडे पिवळसर. दिवसभर हेच बघत बसते आणि खरं सांगायचं तर सुखात आहे.

आई मात्र इतकी वाळलीय की युनिफॉर्म अंगावर नुसता लोंबतो. म्हणून तो मी ह्यांना घातला. बिचारे मुकाट्याने बसले. चुणी न् चुणी रंगवली. आईने चष्मा पुसून चित्र पाहिलं.

"मानेपर्यंत मी आहे. खाली जावई आहेत."

"तुम्हाला कसं कळलं?" ह्यांनी विचारलं.

"मी कधी पोक काढून बसले होते का?"

आम्ही तिघं पोट धरधरून हसलो. मग ती म्हणाली, "थोरलीची पाठ माझ्यासारखी आहे. तिला विचार."

तेच विचारते आहे. तो युनिफॉर्म तुला डोळ्यांसमोर नको असतो, ठाऊक आहे. तुझ्या लग्नाला ती वॉर्डातून थेट, तोच घालून आली, तेही लग्न लागून गेल्यावर. तेव्हापासून तुम्ही दोघी माझ्यामार्फतच बोलता.

चित्रासाठी बोलावते आहे की तुम्हा दोघींसाठी, हे मी स्वतःला पुन्हापुन्हा विचारलं. शिंप्याकडे कपडे चढवायचा पुतळा मिळाला असता. मी मागायला गेले नाही. हे लपवून तुला बोलावणं बरं वाटेना.

आई माफी मागेल, असं लिहिणार नाही. तसं ती म्हणालेली नाही. तिने युनिफॉर्म स्वतः इस्त्री केलाय. त्याआधी कंबरेची शिवण उसवून सैल केली. "दोन मुलं झालीत तिला. नीट बसायला हवा," म्हणाली.

ह्यांचं धड मी काल खरवडून काढलं.

गळ्याखाली कॅनव्हास कोरा ठेवून तुझी वाट बघणारी,
धाकटी