नाव नसलेल्या नळ्या

रायपूर

आई,
तुला आणि माझ्या धाकट्या भावाला, संघर्षला जयभीम.

आमच्या फ्रीजरमधून संघर्षच्या सिकलसेलवर औषध कधी निघेल, असं तू फोनवर विचारलंस. मला खरंच माहीत नाही. इथल्या मोठ्या डॉक्टरांनाही नाही.

पण ही खोली तू एकदा पाहायला हवी. उणे ऐंशी अंशांवर हजारो माणसांचं रक्त बोटाएवढ्या नळ्यांत ठेवलंय. नळीवर नाव नाही, जात नाही, फक्त नंबर. दवाखान्यातल्या कोणत्याही विभागाला संशोधनासाठी हवं असलं, की परवानगी घेऊन इथूनच नेतात. दार उघडलं की पांढरी वाफ येते.

काल कांकेरची एक म्हातारी आली. तिच्या नातवालाही सिकलसेल आहे, आपल्यासारखाच घराण्यातून रक्तात उतरलेला. इकडे आईला दाई म्हणतात; मी म्हटलं, "दाई, रक्त दिल्यानं तुम्हाला काही फायदा नाही." ती हसली, "मोर बर नहीं त नाती बर सही, नोनी." माझ्यासाठी नाही तर नातवासाठी तरी, पोरी. आणि रक्त द्यायच्या खुर्चीत बसून तिनं बाही वर केली.

माझ्या तपासणीचा विषय निघाला की तू म्हणतेस ते मला आठवलं, "लग्न होऊ दे, मग तपास. पोट्टीच्या रक्तात निघालं तर कोण करून घेईल?"

संघर्ष पाणी भरपूर पितो ना? त्याला थंडीत बाहेर झोपू देऊ नकोस. माझी खोली बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

आज दुपारी मी त्याच खुर्चीत बसले. एक नळी तपासणीला दिली, एक फ्रीजरमध्ये ठेवली. संमतीच्या कागदावर सही मीच केली.

तुझी
मोनाली